पणजी सोडून राहायला कुठे जायचं? फ्लॅट नंतर बघा, आधी रस्ता बघा

सांतिनेजमधला भाड्याचा फ्लॅट सोडायचं आमचं ठरलं ते एका साध्या कारणाने, मुलं मोठी झाली आणि खोल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. सासूबाई आमच्यासोबत, मोठी सहावीत जाणार, धाकटा दुसरीत, मी पाटोला ऑफिसात आणि नवरा कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. पणजीत एक खोली वाढवायची तर भाडं ऐकूनच आम्ही गप्प झालो. मग सगळे करतात तेच आम्ही पण केलं, रविवारी गाडी काढून गावोगाव फ्लॅट बघत फिरलो. तिथेच पहिली चूक.

डिसेंबरातला रविवार, मस्त ऊन, डिचोलीला नदीपासून थोड्या अंतरावर टू बीएचके, मागे माडाची बाग, पाऊण तासात पोचलो होतो आणि नवरा म्हणाला, "अगं हे तर जवळच आहे की!" टोकन द्यायचंच बाकी होतं. खाली उतरताना तळमजल्याच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत वेगळा रंग दिसला, तिथे बसलेल्या आजींना म्हटलं, हे डिझाईन छान आहे हो. त्या म्हणाल्या, "डिझाईन कसलं बाय, पाणी येतं पावसात. पण दरवर्षी नाही हां येत."

टोकन पर्समध्येच राहिलं. त्यानंतर आठ महिने आम्ही जरा डोकं लावून शोधलं, तो सगळा क्रम खाली लिहितेय. पणजीतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे, पण मुंबई-पुण्याहून येऊन पणजीत नोकरी धरणाऱ्यांनाही बराचसा लागू पडेल.

आधी ठरवा: मांडवीच्या कुठल्या बाजूला?

"पणजीत काम आहे" असं आपण म्हणतो पण ते नेमकं कुठे आहे ते कागदावर लिहा. पाटो, आल्तिनो, मार्केट हे एक. विधानसभा आणि सचिवालय पर्वरीत, हायकोर्टाची नवी इमारतही 2021 पासून पर्वरीतच, म्हणजे तिथे काम करणाऱ्याला पूल ओलांडायची गरजच नाही, त्याने म्हापसा-डिचोली पट्टा सोडून फोंड्यात घर घेतलं तर रोज उगाच शहर चिरून जावं लागणार. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात काम असेल तर उलटं, तिथून दक्षिणेकडचा रस्ता सोपा. वेर्ण्याला नोकरी असेल तर पणजीचा विचारच सोडा, मडगाव बघा नाहीतर बोरी पुलावरून फोंडा.

घरात कमावणारी दोन माणसं असतील तर दोघांची ठिकाणं, शाळा, आणि म्हाताऱ्या माणसाचा डॉक्टर अशी चार टोकं नकाशावर मांडा. आमच्या चार टोकांपैकी तीन पूर्वेकडे निघाली आणि तरीही आम्ही दोन महिने म्हापशाला फ्लॅट बघत होतो, कारण काय तर बहीण म्हापशाला राहते. बहिणीकडे महिन्यातून दोनदा जाणार, ऑफिसला चोवीस वेळा.

तीन रस्ते, तिघांची तीन दुखणी

पणजीतून रोज ये-जा करायची तर मुख्य वाटा तीनच. उत्तरेला मांडवी पूल ओलांडून पर्वरी-म्हापसा-पेडणे, पूर्वेला जुने गोवे-बाणस्तारी-फोंडा, आणि दक्षिणेला बांबोळी-आगशी करून झुआरी पूल आणि पुढे वेर्णा, मडगाव किंवा वास्को.

उत्तरेचा रस्ता नकाशावर सगळ्यात गोड दिसतो. पणजी ते म्हापसा 13 किलोमीटर, मध्ये चौपदरी हायवे. पण पर्वरीत 2024 पासून साधारण 5 किलोमीटरच्या सहापदरी उड्डाणपुलाचं काम काढलंय आणि काम चालू असेपर्यंत डायव्हर्जन, धूळ आणि सिग्नलला रांग हे धरूनच चाला. अजून एक गोष्ट जी बाहेरून आलेल्यांना कुणी सांगत नाही, 2019 साली सुरू झालेला अटल सेतू दुचाकींसाठी नाही, स्कूटरवाल्यांना जुन्या पुलांवरूनच जावं लागतं. म्हणजे "नवा पूल झाला, आता दहा मिनिटं" हे एजंटचं वाक्य कारवाल्यासाठी आहे. आतले रस्ते आहेत, ब्रिटोना-पोंबुर्पा करून हळदोण्याकडे निघणारा नदीकाठचा तर सुंदर आहे, पण अरुंद आहे आणि पावसात संध्याकाळी साडेसातला तिथे दिवे कमी असतात, हे बायकांनी लक्षात घ्या.

पूर्वेचा रस्ता, म्हणजे आमचा. पणजी-फोंडा 30 किलोमीटरच्या आसपास. रायबंदरच्या बांधावरून जा नाहीतर कदंब पठारावरच्या बायपासने, जुन्या गोव्याला दोन्ही वाटा भेटतातच. तिथून बाणस्तारी पूल, मग भोम. भोम म्हणजे या रस्त्याचा गळा. हायवे थेट गावातून जातो, दोन्ही बाजूंना घरं आणि देवळं, रुंदीकरणाला गावकऱ्यांचा विरोध, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही केला असता. त्यामुळे तिथे एक ट्रक बंद पडला की मागे पार लांबपर्यंत गाड्या. पुढे कुंडईची चढण, मंगेशी, म्हार्दोळ, फर्मागुढी आणि मग फोंडा. शिवाय 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त (सेंट फ्रान्सिस झेवियरचा उत्सव) आणि त्याआधीची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, त्या दिवसांत तास-दीड तास धरायचा, त्यावर रागावून उपयोग नाही.

दक्षिणेचा रस्ता पूर्वी सगळ्यात वाईट होता, झुआरीवर लोकांनी आयुष्याचे तास घालवलेत. 2022 च्या डिसेंबरात नव्या पुलाची पहिली बाजू सुरू झाली आणि पुढच्या डिसेंबरात दुसरी, त्यानंतर फरक जाणवण्यासारखा आहे. मडगाव-पणजी 33-34 किलोमीटर, तरी कधी कधी फोंड्यापेक्षा वेळ कमी लागतो. पणजीत काम आणि मडगावात घर ही कल्पना पूर्वी हसण्यावारी नेत, आता नेऊ नका.

आणि रेल्वे? मुंबईहून येणारे पहिला प्रश्न हाच विचारतात. कोकण रेल्वेची थिवी, करमळी ही स्टेशनं आहेत, पण लोकल नावाची गोष्ट आपल्याकडे नाही, दिवसात मोजक्या गाड्या आणि त्याही ऑफिसच्या वेळा बघून धावत नाहीत. ट्रेन हिशोबातून काढा. ओला-उबरही काढा, ते गोव्यात चालत नाही. रात्री बस चुकली तर गोवा माईल्सची ॲपवरची टॅक्सी, ओळखीचा टॅक्सीवाला किंवा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, तोही स्टँडवर असला तर.

चार फेऱ्या मारा, वहीत लिहा

हे या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. जे गाव मनात आहे तिथून ऑफिसपर्यंत घर घेण्याआधी चार वेळा प्रवास करा. एक सोमवारी सकाळी पावणेआठला तिथून निघून. एक शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर इथून निघून. एक जुलैमधल्या धो धो पावसात. आणि एक पूर्ण बसने, गाडी घरी ठेवून. सकाळी तिथून निघायचं म्हणजे आदल्या रात्री तिथे झोपायला हवं, कुणाकडे तरी मुक्काम करा, गोव्यात पाहुणा व्हायला नातेवाईक सापडतोच.

वहीत फक्त "50 मिनिटं" लिहू नका. घराच्या दारातून निघालेली वेळ, बस स्टॉपला पोचल्याची वेळ, बस मिळाल्याची, स्टँडवर उतरल्याची, आणि खुर्चीत बसल्याची, अशा पाच वेळा लिहा. आम्ही डिचोलीची फेरी केली तेव्हा बसमधला वेळ ठीकच होता, पण स्टॉपपर्यंत चालत पंधरा मिनिटं, बसची वाट वीस मिनिटं, आणि पणजी स्टँडवरून पाटोला मी ओल्या छत्रीनिशी चालत. एकूण तास वीस मिनिटं. एजंट ज्याला पाऊण तास म्हणतो त्यात तो स्वतः आणि त्याची कार एवढेच असतात.

बसचा विषय निघालाय तर, शेवटची बस कितीची हे बोर्डावर बघू नका, स्टँडवरच्या चहावाल्याला किंवा कंडक्टरला विचारा. खाजगी बसेस संध्याकाळी प्रवासी कमी झाले की लवकर मिटतात. म्हापसा, फोंडा, मडगाव या लाईनवर उशिरापर्यंत काही ना काही मिळतं, पणजी-मडगाव आणि पणजी-वास्कोला कदंबच्या, म्हणजे सरकारी बसच्या शटल आहेत, काउंटरवर तिकीट काढून बसायचं, मध्ये थांबत नाही, ऑफिसवाल्यांना ही फार मोठी सोय. पण मुख्य गावातून पुढे तुमच्या वाड्यावर जाणारी बस हा वेगळा मामला आहे. फोंडा स्टँडवर रात्री साडेआठला उतरलात आणि घर चार किलोमीटर आत असेल तर नवऱ्याला फोन, आणि नवरा सेकंड शिफ्टला असेल तर मग काय? म्हणून मी एक नियम केला, स्टँडपासून चालत किंवा स्टँडवर ठेवलेल्या स्कूटरने दहा मिनिटांच्या वरचं घर बघायचंच नाही.

आता पैसे. रोज 30 किलोमीटर जाऊन तेवढंच परत, महिन्याला 24 दिवस, म्हणजे 1,440 किलोमीटर. स्कूटर लिटरला 45 देत असेल तर 32 लिटर, कार 15 देत असेल तर 96 लिटर. हिशोब सोपा जावा म्हणून लिटरला 100 रुपये धरा, स्कूटरला 3,200 आणि कारला 9,600. म्हापशाहून हाच हिशोब 624 किलोमीटरचा, निम्म्याहून कमी. आता भाड्यात जे वाचतंय त्यातून हे वजा करा. आम्हाला डिचोलीत भाड्याचे सात हजार वाचत होते, दोघांचा प्रवास धरला तर हातात काहीच उरत नव्हतं, उलट सर्व्हिसिंग आणि टायर वेगळे. वेळेचं पण असंच, दिवसाला दीड तास जास्त गेला तर महिन्याला 36 तास, म्हणजे जवळजवळ एक आठवडा बिनपगारी काम.

गावागावाचं माझं मत

म्हापसा. सगळ्यात जवळ, सगळं मिळतं, शुक्रवारचा बाजार आहे, जिल्हा इस्पितळ आहे, शाळांना तोटा नाही. मायनस म्हणजे शुक्रवारी त्याच बाजारामुळे गावातून गाडी हलत नाही आणि किनाऱ्याकडे जाणारी टुरिस्टांची रेंट-अ-कार गर्दी तुमच्याच वाटेवर. भाडीही आता पणजीच्या मागोमाग चढतायत. नोकरी पर्वरीत असेल तर डोळे मिटून म्हापसा, किंवा थोडं पुढे करासवाडा-कोलवाळ. खुद्द पर्वरीत राहायचं म्हटलं तर ते शहर दिसत असलं तरी कारभार पेन्ह द फ्रान्स, सुकूर, साल्वादोर द मुंद अशा पंचायतींचा आहे, कचरा आणि गटारासाठी कुठल्या पंचायतीत आपण येतो हे आधी विचारा.

डिचोली आणि साखळी. मला मनापासून आवडलेली गावं, खोटं नाही सांगत. मराठी वातावरण, नाटकं, भजनं, डिचोलीचा बुधवारचा बाजार, माणसं विचारपूस करतात. पण दोन गोष्टी तपासल्याशिवाय पाऊल टाकू नका. पहिली पाणी, म्हणजे पुराचं. साखळीला वाळवंटी नदी बाजारापर्यंत येण्याची सवय असलेली आहे, पंप बसवलेत ते काय हौस म्हणून नाही. डिचोलीतही नदीलगतच्या भागात 2021 च्या जुलैमध्ये काय झालं ते तिथल्या कोणत्याही दुकानदाराला विचारा, भिंतीवर हात ठेवून उंची दाखवेल. त्यामुळे घर चढावर बघा, तळमजला नको. दुसरी गोष्ट खाण. 2012 ला खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, 2018 ला सुप्रीम कोर्टाने परत थांबवल्या, आणि आता लिलाव होऊन काही परत चालू झाल्यात. ज्या रस्त्याने खनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्याला लागून घर घेऊ नका, खिडकी उघडता येत नाही. पणजीला यायला म्हापशावरून वाट आहे, आमोणे-माशेल-बाणस्तारी करूनही आहे, आणि स्कूटरवाल्यांची लाडकी म्हणजे मये-चोडण आणि मग फेरीबोट पकडून रायबंदर. फेरीत चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, हवा छान, पण सकाळच्या रांगेत फेरी भरली की पुढच्या फेरीची वाट बघायची, आणि ऑफिसात "फेरी चुकली" हे कारण आठवड्यातून एकदाच खपतं. मयेत स्वस्तात जागा मिळतेय असं कुणी म्हणालं तर थांबा, तिथे स्थलांतरितांच्या मालमत्तेचा प्रश्न वर्षानुवर्षं चालत आलाय, पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांच्याच नावावर जमीन नव्हती. वकील दाखवल्याशिवाय नाहीच.

माशेल. याचं नाव फारसं कुणी घेत नाही पण घ्यायला हवं. फोंडा तालुक्यात, बाणस्तारी पूल ओलांडला की भोमच्या अलीकडेच वळायचं म्हणजे भोमचा गळा टळतो. गाव जिवंत, देवळं, नाटकवेडी माणसं. फक्त फ्लॅट कमी, घरं जास्त, आणि मिळतात ती ओळखीने.

फोंडा. शेवटी आम्ही फोंड्याच्याच बाजूला आलो, फर्मागुढीजवळ, तर माझं मत थोडं झुकलेलं असणारच. नवऱ्याला कुंडई दहा-पंधरा मिनिटांवर, मला पणजीला थेट बस, सरकारी उपजिल्हा इस्पितळ गावात, शाळा-कॉलेजं भरपूर, राजीव गांधी कलामंदिर असल्यामुळे नाटकाला पणजीला जायची गरज नाही. गैरसोयी सांगते. फोंडा बाजारात पार्किंग हा विनोद आहे. भोम सांगितलंच. आणि गाव दोन टेकड्यांच्या मध्ये पसरलंय, त्यामुळे "फोंड्यात" म्हणून दाखवलेलं घर प्रत्यक्षात कुर्टीत, ढवळीत नाहीतर बेतोड्याला निघतं, पणजीला जाणाऱ्याने गावाच्या अलीकडची बाजू बघावी, पलीकडची बघितली तर रोज फोंडा शहर ओलांडायचे वीस मिनिटं वेगळे.

कदंब पठार, जुने गोवे, मेरशी, सांताक्रूझ हे पट्टे जवळ आहेत, दर पण तसेच. पणजी सोडल्याचं समाधान नाही आणि बचतही नाही, मुलांची शाळा बदलायची नसेल तरच.

पेडणे. मोपाला 2023 च्या जानेवारीपासून विमानं उतरायला लागली आणि जमिनीचे भाव तेव्हापासून आपल्यासारख्यांसाठी राहिले नाहीत. नोकरी एअरपोर्टवर किंवा तुये इस्टेटमध्ये असेल तर ठीक, रोज पणजीसाठी नको.

बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग. इथे भाडं बघून भुरळ पडते, आणि दोडामार्गातली पोरं रोज बाईकवरून गोव्यात कामाला येतातच. पण कुटुंब घेऊन सीमेपलीकडे जाताना हिशोब वेगळा करा. गोव्यात सरकारी नोकरीसाठी 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, दीनदयाळ स्वास्थ्य सेवेच्या कार्डासाठी पाच वर्षांचं वास्तव्य, मुलांच्या पुढच्या ॲडमिशनलाही रहिवासाची अट. आज वाचलेले चार हजार रुपये मुलगी बारावी झाल्यावर महागात जाऊ शकतात. शिवाय गाडीचं पासिंग, रेशन, मतदान सगळं महाराष्ट्रात. ज्यांचं मूळ गाव तिथलंच आहे त्यांची गोष्ट वेगळी.

नळाचं पाणी कुठून येतं ते विचारा

हसू नका. फोंडा आणि तिसवाडीला ओपाचं पाणी, खांडेपार नदीवरून. बार्देशला अस्नोड्याचं, त्याला तिळारीच्या कालव्याचा आधार, कालवा फुटला की बार्देश कोरडं. पेडण्याला चांदेल. 2019 च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा धो धो पाऊस चालू असताना पणजी, तिसवाडी आणि फोंड्यातले लोक बादल्या घेऊन टँकरमागे पळत होते. तर बिल्डिंगमध्ये विचारायचे प्रश्न असे: नळ किती वाजता येतो आणि किती वेळ, खाली संप किती लिटरचा, विहीर किंवा बोअर आहे का, आणि गेल्या मे महिन्यात टँकर किती वेळा मागवला. शेवटचा प्रश्न सेक्रेटरीला नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना विचारा.

विजेचं एकच बघा, बिल्डिंगला येणारी लाईन झाडीतून येते की भूमिगत. झाडीतून येत असेल तर जूनमध्ये इन्व्हर्टर घ्यावाच लागेल, घरून काम करणारं कुणी असेल तर त्याचे पैसे आताच धरा.

आणि ओल. आपल्याकडे वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे घर शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये बघा. नैऋत्येकडच्या भिंतीला हात लावा, कपाट उघडून वास घ्या, वरच्या मजल्याचं घर असेल तर गच्चीवर पत्रा घातलाय का बघा. डिसेंबरात रंग मारलेलं घर सगळ्यांनाच आवडतं, आम्हालाही आवडलं होतं.

शाळा आणि डॉक्टर

शाळेसाठी घर नक्की करण्याच्या आधी तिथल्या मुख्याध्यापकांना भेटा, नंतर नाही. आम्ही एका शाळेत फोनवर "हो हो जागा आहे" ऐकून निर्धास्त झालो आणि गेल्यावर सहावीत एकही जागा नव्हती, दीड महिना झोप नव्हती. 2025 साली सहावीपासून पुढचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले, त्यामुळे मे महिन्यात शिफ्ट होऊ आणि जूनमध्ये शाळा बघू ही जुनी पद्धत मोठ्या मुलांसाठी धरू नका, जानेवारीत चौकशी सुरू करा. शाळेचा बालरथ (मुलांची बस) तुमच्या वाड्यावर येतो का हे विचारा, येत असेल तर रोजची एक फेरी वाचली. धाकट्याला आम्ही सरकारी मराठी प्राथमिक शाळेत घातला, घरापासून सहा मिनिटं चालत, बाई चांगल्या आहेत, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

सासूबाईंची तपासणी बांबोळीला गोमेकॉत असते. फोंड्याहून पणजी आणि तिथून दुसरी बस, म्हाताऱ्या माणसाला हे जड जातं, म्हणून महिन्यातला तो एक दिवस आम्ही कार काढतो आणि बाकी बीपी-शुगर जवळच. घरात असं कुणी असेल तर तो एक दिवस पण वहीतल्या फेऱ्यांत धरा.

कागदपत्रं: आधी भाड्याने, मग बघू

माझा सल्ला विचाराल तर नव्या गावात पहिले अकरा महिने भाड्यानेच राहा. एक पूर्ण पावसाळा त्यात यायला हवा. लीव्ह अँड लायसन्स करार करा, भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पोलीस स्टेशनला द्या, मालक टाळाटाळ करत असेल तर तुम्ही मागे लागा.

विकत घ्यायची वेळ आली की मात्र घाई नको. जमिनीचा एक-चौदाचा उतारा ऑनलाईन निघतो, तो स्वतः काढा आणि नुसतं मालकाचं नाव बघून थांबू नका, कूळ आणि इतर हक्कांचे रकाने वाचा. तिथे कुळाचं किंवा मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) नाव असेल तर कुळाला कूळ कायद्याने आणि मुंडकाराला 1975 च्या मुंडकार कायद्याने संरक्षण आहे, विकणारा कितीही गोड बोलला तरी. जागा कोमुनिदादची, म्हणजे गावकरी संस्थेच्या सामाईक मालकीची नाही ना, बिगरशेतीची सनद झालीय ना, झोनिंग काय आहे, हे बघा. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकायला 2023 च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे "आत्ता शेत आहे, पुढे कन्व्हर्ट करून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

गोव्याची एक खासियत, पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा समाईक धरली जाते, म्हणून विकणाऱ्याच्या जोडीदाराचीही सही लागते. जुन्या घरात तर भाऊ, बहिणी, त्यांचे नवरे-बायका, त्यातला एक लिस्बनला. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे नाही. फ्लॅट असेल तर रेराचा नंबर, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट आणि कार्पेट एरिया, सुपर बिल्टअपचा आकडा ऐकून खूश होऊ नका. रजिस्टर्ड करार होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरातच आहे. टायटल सर्चला वकील त्याच तालुक्यातला घ्या, त्याला कुठल्या घराण्याचा कुठे दावा चालू आहे ते कागद उघडण्याआधीच माहीत असतं.

शिफ्टिंग

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या आसपास टेम्पो मिळत नाही, मिळाला तर दुप्पट सांगतो, आणि भर पावसात गाद्या भिजतात, तेव्हा नोव्हेंबर ते मार्च. गॅस ट्रान्सफर, आधारवरचा पत्ता, मतदार यादी ही कामं पहिल्या महिन्यात उरकून टाका, नाहीतर पंचायतीची निवडणूक आली की दारात सगळे उमेदवार येतात आणि आपलं नाव सांतिनेजच्याच यादीत. वाड्यावरच्या देवळाची वर्गणी कुणी मागायची वाट बघू नका, आपण होऊन द्या, नंतर नळ दुरुस्तीपासून ट्यूशनपर्यंत सगळे फोन नंबर तिथूनच मिळतात.

आणि पहिल्याच सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंपू ऐकला की धावत खाली जाऊन त्याला सांगा, नवे आलोय, रोज किती पाव ते. आम्ही दोन दिवस आळस केला, त्याने रस्ता ठरवला होता तो आमच्या गल्लीत वळतच नव्हता. आता सकाळी सव्वासहाला येतो, सहा पाव ठेवतो, आणि मला सात पाचची बस मिळते.